स्वित्झर्लंडमधल्या शॉलेनेन घळीत रशियन सैनिकांचं स्मारक कसं काय?

कारण 25 सप्टेंबर 1799 रोजी रशियन सेनापती सुवोरोव्ह इथेच फ्रेंचांशी लढले. बरेच जण ही नेपोलियनची लढाई समजतात, पण तो तेव्हा इजिप्तहून परतीच्या समुद्रप्रवासात होता. इथे फ्रेंचांचं नेतृत्व लकूर्बकडे होतं.

इटलीतून गोटहार्ड खिंड ओलांडून आलेल्या रशियनांना आंडरमाट गावाच्या पुढे आधी खडकात खोदलेला, साधारण 60 मीटरचा अरुंद बोगदा लागला. तो संपताच समोर रॉयस नदीवरचा ‘सैतानाचा पूल’, तोही फ्रेंचांनी अर्धवट तोडलेला. अशा जागी समोरून चाल करणं म्हणजे मरणाच्या दारात जाणं. म्हणून काही तुकड्या कडे चढून वरून आल्या, काही थेट नदीत उतरल्या. शेवटी फ्रेंच हटले. तुटलेल्या भागावर ओंडके टाकून ते अधिकाऱ्यांच्या कमरपट्ट्यांनी बांधले, असं सांगतात.

इतकं करूनही फायदा झाला नाही, याचं फार वाईट वाटतं. ज्यांना जाऊन मिळायचं होतं, त्या रशियन सेनापती कोर्साकोव्हच्या सैन्याला 25-26 सप्टेंबरलाच फ्रेंच सेनापती मासेनाने झुरिकजवळ हरवलं. घळीतलं स्मारक म्हणजे कड्यात कोरलेला 12 मीटर उंचीचा क्रॉस, तो 1898 मधला आहे.