बेल्ट ओरडतोय, पण दुखणं कुठे?

पावसाळ्यात बॉनेटखालच्या आवाजांबद्दलची पत्रं वाढतात. त्यांतले इंजिनाच्या बाहेरच्या बेल्टचे, म्हणजे अल्टरनेटर, वॉटर पंप, एसी फिरवणाऱ्या बेल्टचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. टायमिंग बेल्ट वेगळा. तो कव्हरच्या आत असतो आणि त्याला घरी हात लावायचा नाही.

प्रश्न (चिपळूण) : आठ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे. सकाळी स्टार्ट केली की किंचाळल्यासारखा आवाज येतो, एसी लावला की वाढतो. महिन्यापूर्वी बेल्ट बदलला. पंधरा दिवस शांतता होती, आता पुन्हा तेच. बेल्ट डुप्लिकेट निघाला का?

उत्तर : निघालाही असेल, पण आधी संशय घ्यायचा तो ताणावर. नवा बेल्ट पुलीच्या खाचांत बसताना सुरुवातीलाच थोडा सैलावतो. ऑटो टेन्शनर, म्हणजे बेल्ट आपोआप ताणून धरणारा हात, असेल तर त्याची स्प्रिंग तो सैलपणा ओढून घेते. अल्टरनेटर सरकवून ताण देण्याची सोय असेल तर मात्र बेल्ट टाकल्यावर गाडी थोडी चालवून तो पुन्हा ताणावा लागतो. हे दुसरं ताणणं बऱ्याचदा राहूनच जातं.

सकाळीच आवाज का येतो? स्टार्टरने बॅटरीतून ओढलेला करंट अल्टरनेटर लगेच भरून काढू लागतो, म्हणून सुरुवातीला त्याची पुली सर्वांत जड फिरते. बॅटरी म्हातारी असेल तर हा भार जास्त वेळ टिकतो. त्यावर एसीचा कॉम्प्रेसर लागला की सैल बेल्ट घसरतो, घसरून तापतो आणि तापून त्याची आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत होते. एकदा ती तशी झाली की मागाहून ताण बरोबर करूनही बेल्ट घसरत राहतो. तुमचा बेल्ट चमकत असेल तर तो गेलाच समजा. पावसात उभ्या गाडीचा पहिल्या चार-पाच सेकंदांचा आवाज मात्र सोडून द्या, बेल्ट कोरडा झाला की तो थांबतो.

खात्री करायला पाण्याची चाचणी करा. इंजिन आयडलवर ठेवा, हात लांब ठेवून फवारणीच्या बाटलीने बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडं साधं पाणी मारा. अल्टरनेटरवर पाणी जाऊ देऊ नका. आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत, त्यासाठी पुढचं उत्तर वाचा. चालू इंजिनापाशी ओढणी, पदर, गळ्यातली साखळी, हातातलं कडं काही लोंबतं नको.

ताण देताना इंजिन बंद आणि थंड हवं, किल्ली काढलेली आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवलेली हवी. रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो. अल्टरनेटरला एका बाजूला बिजागरीचा बोल्ट असतो, दुसऱ्या बाजूला लांब खाचेतला. बहुतेक गाड्यांत १२ आणि १४ नंबरचे पाने पुरतात. दोन्ही बोल्ट ढिले करा, पूर्ण काढू नका. ताणाचा स्क्रू असेल तर तो अर्धा-अर्धा फेरा फिरवा. स्क्रू नसेल तर अल्टरनेटर लाकडी दांड्याने हलकेच रेटा. लोखंडी टॉमी (पहार) लावून रेटलात तर अ‍ॅल्युमिनियमचं आवरण तडकतं. मग दोन पुल्यांमधल्या सर्वांत लांब भागावर पट्टी आडवी ठेवा, बेल्ट अंगठ्याने साधारण १० किलोच्या जोराने दाबा आणि तो पट्टीपासून किती खाली जातो ते मोजा. छोट्या गाड्यांत हा आकडा साधारण ६ ते १० मिलिमीटर असतो, नव्या बेल्टला त्यातला लहान आकडा. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असेल तर तोच धरा. आधी खाचेतला बोल्ट आवळा, मग बिजागरीचा, आणि पुन्हा मोजा, कारण आवळताना ताण बदलतो. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून इंजिन थंड झाल्यावर परत एकदा मोजा.

आवाज जावा म्हणून जास्त ताणू नका. आवाज जाईल, पण अल्टरनेटर आणि वॉटर पंपाची बेअरिंगं लवकर जातील, आणि ती बेल्टच्या कितीतरी पट महाग आहेत.

ताण बरोबर असूनही किंचाळणं राहिलं तर गळती शोधा. वॉटर पंपाखाली हिरवे, गुलाबी किंवा पांढुरके सुकलेले डाग दिसले तर कूलंट बेल्टवर उडतंय. टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून किंवा क्रँकच्या ऑइल सीलमधून तेल येत असेल तर रबर फुगतं. गळती थांबवल्याशिवाय टाकलेला कुठलाही बेल्ट, ओरिजिनलसुद्धा, पुन्हा ओरडेल.

प्रश्न (नाशिक) : अल्टरनेटर दुरुस्त करून बसवल्यापासून चिमणीसारखी चिवचिव येते. रेस केलं की चिवचिव भराभर होते. बेल्ट घट्ट आहे.

उत्तर : तालात येणारी चिवचिव म्हणजे बेल्ट पुलीत तिरका शिरतोय. तुमच्याकडे ती अल्टरनेटर बसवल्यावर सुरू झाली, म्हणजे शोधायची जागा ठरली. ब्रॅकेटमागचा वॉशर राहिला का, दुसऱ्या मॉडेलची पुली लागली का, आणि मुख्य म्हणजे बेल्ट एक खाच बाजूला तर बसला नाही ना, हे पाहा. ही शेवटची चूक फार होते आणि वरून दिसत नाही. टॉर्च मारून प्रत्येक पुलीच्या दोन्ही कडा बघा. बेल्टची एक कड पुलीबाहेर आली असेल किंवा तिचे धागे सुटले असतील तर कारण सापडलं.

मग दोन पुल्यांच्या तोंडांवर सरळ स्टीलची पट्टी टेकवा. पुल्यांमध्ये ३०० मिलिमीटर अंतर असेल तर दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. पट्टीने सगळं सरळ दिसूनही चिवचिव असेल तर दुसऱ्याला इंजिन चालू ठेवायला सांगून क्रँक पुलीकडे, म्हणजे इंजिन ज्या पुलीने बेल्ट फिरवतं तिच्याकडे, बाजूने बघा. बऱ्याच गाड्यांत तिच्या आत-बाहेरच्या दोन कड्यांमध्ये रबर असतं. ते सुटलं की बाहेरची कडी डुलताना दिसते. अशी पुली बदलावीच लागते.

प्रश्न (लातूर) : बेल्टला साबण घासला की आवाज जातो असं सांगतात. बाजारात स्प्रेही मिळतो. वापरावा का?

उत्तर : दोन्ही नको. स्प्रेने रबर चिकट होतं, त्यावर धूळ बसते आणि तीच धूळ खाचा घासते. साबणाने आवाज एक-दोन दिवस दबतो, दोष तसाच राहतो. पुलीच्या खाचांत माती दाबून बसली असेल तर बेल्ट काढून साबणाचं पाणी आणि जुन्या टूथब्रशने पुली धुवा, पूर्ण वाळवा. बेल्टला पेट्रोल किंवा डिझेल लावू नका.

प्रश्न (पुणे) : किंचाळत नाही, चिवचिवत नाही, सतत घरघर येते. डिझेल सेडान, १,१०,००० किलोमीटर. कुठलं बेअरिंग गेलंय हे घरी कळेल का?

उत्तर : बहुतेक वेळा कळतं. आधी बेल्ट कुठून कुठे गेलाय त्याचा फोटो काढा, नाहीतर परत घालताना तास जाईल. टेन्शनरच्या बोल्टला लांब पाना लावून तो सैल होण्याच्या दिशेने दाबून धरा आणि बेल्ट एका गुळगुळीत पुलीवरून उतरवा. टेन्शनर हळू सोडा, झटक्यात सोडलात तर बोटं सापडतात.

आता बेल्टशिवाय इंजिन फक्त पंधरा-वीस सेकंद चालवा. वॉटर पंप या बेल्टवर असेल तर कूलंट फिरत नसतं, म्हणून जास्त नको. बॅटरीचा दिवा लागेल, ते अपेक्षितच आहे. घरघर तशीच राहिली तर दोष इंजिनात आहे आणि तो गॅरेजचा विषय. घरघर गेली तर इंजिन बंद करून प्रत्येक पुली हाताने फिरवा, मग दोन बोटांत धरून हलवा. आयडलर (बेल्टला फक्त वळण देणारी पुली) आणि टेन्शनरची पुली जोरात गरगरत राहिली तर आतलं ग्रीस संपलंय. चांगली पुली थोडी जड आणि नि:शब्द फिरते. खरखर लागली किंवा प्ले आला, म्हणजे पुली डगडगली, तर पुली बदला. वॉटर पंपाला किंचितही प्ले चालत नाही.

बऱ्याच डिझेल गाड्यांत अल्टरनेटरची पुली एकाच दिशेने पकडते, उलट फिरवली की मोकळी सुटते. दोन्ही दिशांना घट्ट किंवा दोन्हीकडे मोकळी असेल तर ती गेली. ती जाम झाली की बेल्ट थरथरतो आणि टेन्शनरचा हात आयडलवर धडधडताना दिसतो. लोक तेव्हा टेन्शनर बदलतात आणि महिनाभरात नवाही खराब करून घेतात.

बेल्ट काढलाच आहे तर तोही तपासा. आजचे बहुतेक बेल्ट ईपीडीएम रबराचे असतात. त्यांना भेगा फार उशिरा पडतात, म्हणून भेगा नाहीत एवढ्यावर तो चांगला ठरत नाही. ते झिजतात खाचांत. खाच रुंद झाली की बेल्ट पुलीत खोल बसतो आणि सैल होतो. नवा घेताना पाठीवरचा नंबर जुळवा. ‘६पीके ९७०’ म्हणजे सहा धारा आणि ९७० मिलिमीटर लांबी. पाच मिलिमीटरने काय होतंय, असं दुकानदार म्हणाला तरी ऐकू नका.

प्रश्न (बारामती) : ट्रॅक्टरचा फॅन बेल्ट ताणला तरी आठवड्यात ओरडतो. बेल्ट दिसायला चांगला आहे.

उत्तर : तुमचा व्ही आकाराचा बेल्ट असेल तर तो फक्त बाजूंच्या भिंतींनी पकडतो, त्याचं बूड पुलीच्या तळाला टेकायला नको. बेल्ट काढून पुलीच्या खाचेचा तळ बघा. तो गंजका, मळकट असेल तर ठीक. घासून चकाकत असेल तर बेल्ट तळाला टेकतोय आणि कितीही ताणला तरी घसरणार. आधी योग्य मापाचा नवा बेल्ट घालून पाहा. तोही टेकला तर पुलीच्या भिंती झिजल्या आहेत, पुली बदला. दोन बेल्ट शेजारी शेजारी चालत असतील तर दोन्ही एकाच वेळी, एकाच कंपनीचे घ्या. एक जुना ठेवलात तर सगळा भार नव्यावर येतो.

प्रश्न (ठाणे) : माझ्या गाडीत सिग्नलला इंजिन आपोआप बंद होऊन आपोआप सुरू होतं. हे सगळं मीही करू शकतो का?

उत्तर : ऐकणं आणि बघणं करा, पण बघणं किल्ली बंद करून आणि कीलेस गाडी असेल तर रिमोट लांब ठेवूनच. अशा काही गाड्यांत स्टार्टरचं काम अल्टरनेटरच्या जागचा जनरेटर बेल्टमार्फतच करतो. तिथे टेन्शनर दोन्ही दिशांचा ओढा सांभाळतो आणि ताणही जास्त असतो. त्या गाडीचा बेल्ट घरी काढू नका.