आधी बाबांना विचार, कुठे जायचंय

अनेक आशीर्वाद.

बाबांच्या व्हीलचेअरसाठी मदत मागणाऱ्या आवाहनाचा तू पाठवलेला मसुदा काल रात्री दोनदा वाचला. मन लावून लिहिलायस. पण दुसऱ्या परिच्छेदातल्या एका वाक्याशी अडखळलो : ‘बाबा आता स्वतःहून काहीच करू शकत नाहीत.’ हे वाक्य बाबांनी वाचलंय का? वाचलं नसेल, तर आवाहन कुणालाही पाठवण्याआधी कागद त्यांच्या हातात दे.

इतकं ठामपणे सांगतोय, कारण हीच चूक मी केली आहे. ताईच्या मज्जारज्जूला इजा झाली, छातीखालचं शरीर लुळं पडलं आणि तिसऱ्याच आठवड्यात मी आवाहन लिहून मोकळा झालो. सोबत तिचा अंथरुणावरचा, नाकात नळी असलेला फोटो जोडला. तिला विचारलं नाही. वाटलं, या अवस्थेत तिला आणखी कशाला त्रास द्यायचा. पैसे जमले. पुढे कुणीतरी तेच आवाहन तिला फोनवर दाखवलं. तिने शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाली, “यात मी कुठेय रे?” आयुष्यभर वर्गात उभं राहून गणित शिकवलेली बाई ती. माझ्या आवाहनात तिच्या वाट्याला फक्त ती नळी आली होती. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं, आजही नाही.

दुसरी चूक घाईची. पैसे हाताशी आले म्हणून मी लगेच खुर्ची घेतली. दिसायला भक्कम होती, पण बैठक तिच्या अंगापेक्षा चार बोटं जास्त रुंद. ती एका अंगावर कलून बसायची. चाकांपर्यंत हात पोचवायला कोपरं फाकवावी लागायची, म्हणून खांदे दुखायला लागले. एका कुल्ल्यावर सगळा भार येऊन तिथे जखम झाली आणि ती कित्येक आठवडे पालथी पडून राहिली. खुर्ची कोपऱ्यात गेली. मग त्याच माणसांकडे पुन्हा मदत मागायची वेळ आली. पहिल्यांदा मागताना संकोच वाटला होता, दुसऱ्यांदा शब्दच फुटेनात.

म्हणून ‘किती रक्कम लिहू?’ या तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी आज देणार नाही. आधी बाबांना विचार, कुठे जायचंय. पलंगावरून न्हाणीघरापर्यंत कुणाची वाट न बघता जायचंय? पुन्हा कामावर? मित्रांकडे, गाडीत बसून? प्रत्येक उत्तराची खुर्ची वेगळी, आणि खर्चही वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये व्हीलचेअर कशी पुरवावी याची मार्गदर्शक सूत्रं काढली. त्यात आठ पायऱ्या आहेत आणि पैशांची सोय चौथ्या पायरीवर येते. तिच्याआधी त्या माणसाची नीट तपासणी होते आणि कोणती खुर्ची हवी हे ठरतं. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराचं विसावं कलम फिरण्याबद्दलच आहे : माणसाला हव्या त्या पद्धतीने, हव्या त्या वेळी, परवडेल अशा खर्चात फिरता यावं. पद्धत आणि वेळ त्याने ठरवायची, हे तिथे आधीच लिहून ठेवलंय.

तू मोटरची खुर्ची धरून बसली आहेस. मला घाई वाटते. मानेच्या मणक्यांपाशी इजा झाली की हातांची ताकद कमी होते किंवा जाते, तिथे पुष्कळदा मोटर लागते. पक्षाघातात शरीराची एक बाजू गेली असेल, तर बैठक खाली घेतलेली साधी खुर्ची पुष्कळदा चालते, कारण माणूस चांगल्या पायाने जमीन रेटत पुढे जातो. बाबांची इजा पाठीच्या मधल्या मणक्यांत आहे आणि हात शाबूत आहेत. अशा माणसाला मापाने बनवलेली हलकी खुर्ची मोटरपेक्षा जास्त मोकळीक देऊ शकते. गाडीत टाकता येते, अरुंद जागेत वळते. तिच्या मागच्या चाकांचा आस, म्हणजे चाकं ज्यावर फिरतात तो दांडा, थोडा पुढे घेतला की ढकलायला हलकी होते, मात्र मागे उलटण्याचा धोका वाढतो. म्हणून ती वापरायलाही शिकावं लागतं आणि त्या शिकवणीचाही खर्च असतो. शेवटचा शब्द ऑक्युपेशनल थेरपिस्टचा (रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारा तज्ज्ञ) आणि बाबांचा. त्यांच्या भेटीआधी कुठेही आगाऊ रक्कम भरू नकोस.

मापं घेताना शेजारी उभी राहा. नितंबांची रुंदी घेतात, मांडीची लांबी घेतात (बैठकीची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटांचं अंतर हवं), पाय टेकायची उंची, पाठीची उंची घेतात. आणखी एक. इजेनंतरच्या पहिल्या वर्षभरात शरीर बदलत राहतं. पायांचे स्नायू झिजतात, वजन वर-खाली होतं, पाय ताठरतात. त्यामुळे सुरुवातीचे महिने भाड्याने किंवा उसनी आणलेली, पण मापात बसणारी खुर्ची वापरून कायमची खुर्ची नंतर घेणं पुष्कळदा शहाणपणाचं ठरतं. तसं ठरलं तर आवाहनात स्पष्ट लिही : आत्ता इतकं लागणार आहे, पुढे इतकं लागेल.

खुर्चीत बसायच्या गादीविषयी मात्र मी हट्टी आहे. संवेदना गेलेल्या अंगाला टोचत नाही, दुखत नाही, त्यामुळे माणूस नकळत एकाच जागी बसून राहतो आणि दाबाखालच्या कातडीचा रक्तपुरवठा तुटतो. काही तासांत जखमेची सुरुवात होऊ शकते. भरायला महिने जातात. १९४४ मध्ये लुडविग गुटमन या डॉक्टरांनी इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथल्या रुग्णालयात मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी विभाग सुरू केला, तोवर असे बहुतेक रुग्ण याच जखमांनी आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने दगावत. रुग्णांना दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, कुशीवर वळवायचं हा त्यांचा दंडक होता. खुर्चीच्या किमतीपुढे दाब वाटून घेणारी गादी किरकोळ वाटते, म्हणून ती यादीतून गळते. तू ती खुर्चीच्या बरोबरीने लिही. तीही झिजते, बदलावी लागते, हेही लिही.

आता घर. खुर्ची दारातून आत आली पाहिजे आणि आत आल्यावर वळली पाहिजे. पूर्ण फेरी घ्यायला साधारण दीड मीटर मोकळी जागा धरतात. उताराचं सर्वमान्य प्रमाण एकास बारा आहे, म्हणजे उंचीच्या बारापट लांबी. तुमच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत, एकूण उंची ४५ सेंटीमीटर असेल तर उतार जवळपास साडेपाच मीटर लांब होतो. हे गणित मांडलं की कळतं, एक फळी टाकून भागणार नाही. न्हाणीघरातली खुर्ची वेगळी. पलंगावरून खुर्चीवर सरकायची फळी स्वस्त असते, पण तिच्याने दिवस बदलतो. आणि आईची पाठ! बाबांना रोज उचलत राहिली तर काही महिन्यांत तीही अंथरूण धरेल. उचलायचं यंत्र लागणार असेल तर त्याचा खर्च मांडताना लाजू नकोस. टायर, बेअरिंग, ब्रेक, मोटर असेल तर दर काही वर्षांनी बॅटरी. पहिल्या तीन वर्षांची दुरुस्ती मूळ आकड्यातच धर. खुर्ची एकदा आणली की लोकांना वाटतं प्रश्न मिटला, आणि पंक्चरसाठी कुणी मदत करत नाही.

मागायच्या आधी हक्काचं काय मिळतं ते बघ. विमा, बाबांचं कामाचं ठिकाण, सरकारी योजना, अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्था. नकार आला तर तो लेखी माग. अपील करता येतं आणि पुष्कळ जण तिथवर जातच नाहीत. एक सापळाही आहे. काही ठिकाणी सरकारी मदत माणसाची शिल्लक बघून मिळते. लोकांनी दिलेले पैसे बाबांच्या खात्यात पडले आणि त्यामुळे चालू मदत बंद झाली, असं होऊ शकतं. खातं कुणाच्या नावाने उघडायचं हे जाणकाराला विचारूनच ठरव. खातं वेगळंच हवं, घरखर्चाच्या पैशांत मिसळलेलं नको, आणि सही करणाऱ्या दोघांपैकी एक जण घराबाहेरचा असावा. यात तुझ्यावर अविश्वास नाही. कधीतरी तू थकशील, कुणीतरी खोचक विचारेल, तेव्हा हिशेबाची वही दुसऱ्याच्या हातात असणं हा तुझाच आधार असेल.

आवाहन जगजाहीर करायच्या आधी दहा-बारा जवळच्या माणसांना स्वतः फोन कर. एकेकट्याला. सगळ्यांना पाठवलेला निरोप प्रत्येकाला दुसऱ्यासाठी वाटतो. आणि नेमकं माग : ‘जमेल तेवढी मदत करा’ म्हणण्यापेक्षा ‘गादीचा खर्च तुमच्याकडून होईल का?’ हे बोलणं अवघड, पण समोरच्याला सोपं. ज्याच्याकडे पैसे नाहीत पण हातात सुतारकाम आहे, त्याला उतार बांधायला बोलाव. गप्प राहणाऱ्यांचा हिशेब मात्र ठेवू नकोस. माझ्या बाबतीत जवळचे मानलेले काही जण बोललेच नाहीत, आणि ताईच्या एका जुन्या विद्यार्थ्याने, ज्याचं नावही मला आठवत नव्हतं, तीन वर्षं दर महिन्याला थोडे थोडे पाठवले.

काय लिहायचं नाही, तेही सांगतो. लघवी-शौचाचे तपशील, तपासण्यांचे कागद, घराचा पत्ता, ओळखपत्रांची छायाचित्रं. ‘मोठी देणगी देतो, आधी थोडं शुल्क भरा’ म्हणणारे फोन येतील. तिथेच ठेवून दे. फोटो बाबांनी निवडायचा. बसलेला, कुणाशी बोलत असलेला असेल तर उत्तम, पण निवड त्यांची. त्यांना फोटो नकोच असेल, तर फोटोविना थोडे कमी पैसे जमतील. ते कमी पैसे मला मान्य आहेत.

एक अवघड वाक्य आत्ताच लिहून ठेव : पैसे उरले, कमी पडले, किंवा खुर्चीची गरजच राहिली नाही, तर जमलेल्या रकमेचं काय होईल. नंतर लिहायला गेलीस तर हात थरथरेल. आणि खुर्ची आल्यावर देणाऱ्यांना कळव, खर्चाच्या पावत्यांसकट. ताईने स्वतः लिहिलं होतं, चारच ओळी : आज एकटी दारापर्यंत गेले, टपाल घेतलं, परत आले, चौदा मिनिटं लागली. माझ्या आवाहनापेक्षा त्या चार ओळी लोकांनी जास्त जपून ठेवल्या.

बाबा कदाचित म्हणतील, कुणापुढे हात पसरायचा नाही. तेव्हा वाद घालू नकोस. त्यांना चार दिवस दे. कुणाकडे मागायचं आणि कुणाकडे नाही, ती यादी त्यांनाच करू दे. ताईनेही दोन नावं ठामपणे खोडली होती. त्यातल्या एकाकडून नक्की मदत मिळाली असती असं मला वाटत होतं, तरी मी विचारलं नाही.

उद्या मापपट्टी घेऊन न्हाणीघराच्या दाराची रुंदी मोज आणि थेरपिस्टची वेळ घे. मसुदा बाबांना पेन्सिलीसकट दे. त्यांनी काय खोडलं, ते मला कळव. मग आपण रकमेचं बोलू.

तुझा,
काका