बेळगावजवळच्या देसूरहून कित्तूरमार्गे धारवाडला नवी रेल्वे आली, तर आसपासच्या गावांचा फायदा की नुकसान?

ज्याची जमीन वाचते आणि जो रोज ये-जा करतो त्याचा फायदा. कुळाचं, शेतमजुराचं आणि भाडेकरूचं मात्र आधी नुकसानच. आज बेळगावहून धारवाडची गाडी लोंढ्यामार्गे वळसा घेऊन जाते, कित्तूरमार्गे अंतर सुमारे ७३ किलोमीटर होईल. स्टेशन झालं की जागेचे भाव चढतात, मागोमाग घरभाडंही. नंदीहळ्ळी, गर्लगुंजीचे शेतकरी पिकाऊ जमीन जाते म्हणून विरोध करत आलेत, आणि मला तो रास्त वाटतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात तीन वर्षं तिथेच राबून पोट भरणारं कूळ आणि मजूरही ‘बाधित कुटुंब’ धरलं आहे. पण संपादन कोणत्या कायद्याखाली चाललंय, ते नोटिशीत आधी बघा. हक्क त्यावर बदलतात.