‘सांगितलं तर औषध कमी करतील’

कीमो घेणारे अनेक जण हळू आवाजात एक भीती बोलून दाखवतात. फार प्रश्न विचारले, सारख्या तक्रारी केल्या, तर डॉक्टर वैतागतील आणि मग आपल्याकडे नीट लक्ष देणार नाहीत. जीव ज्यांच्या हाती त्यांना दुखवायचं कशाला? मला हा विचार घातक वाटतो. का, ते एका गृहस्थांच्या अनुभवातून सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वय साठीच्या आसपास, मोठ्या आतड्याचा कॅन्सर, ऑपरेशन व्यवस्थित झालेलं. त्यानंतर कीमोची दोन औषधं: दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून ऑक्झालिप्लॅटिन आणि घरी कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. माझ्याकडे आले ते झोप लागत नाही म्हणून. सोबत पत्नी होत्या. फॉर्मवर सही करायला त्यांनी टेबलावरचं पेन उचललं आणि ते बोटांतून सुटलं. पुन्हा उचललं, पुन्हा सुटलं. शेवटी लहान मूल खडू धरतं तसं त्यांनी ते मुठीत धरलं. मी विचारलं तर म्हणाले, “काही नाही हो, कीमोमुळे थोड्या मुंग्या येतात. चालायचंच.”

“थोड्या कसल्या?” पत्नी मध्येच म्हणाल्या. “शर्टाची बटणं मी लावून देते. परवा पायातली चप्पल निघाली तर यांना पत्ताच नाही. आणि डॉक्टरांनी ‘कसं काय?’ विचारलं की यांचं उत्तर ठरलेलं, ‘एकदम छान’.”

ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “सांगितलं तर औषध कमी करतील. आणि आजार उलटला तर?”

संकोचाच्या तळाशी बऱ्याचदा हीच भीती सापडते. डॉक्टर रागावतील हे वरचं कारण असतं.

औषध किती द्यायचं हे ठरवणं माझं काम नाही, हे मी आधीच स्पष्ट केलं. पण गप्प राहिल्यानं काय होतं, ते सांगणं माझं काम आहे. ऑक्झालिप्लॅटिनचा नसांवरचा परिणाम प्रत्येक डोसागणिक साठत जातो. औषध थांबल्यावरही तो काही महिने वाढू शकतो आणि काहींच्या बाबतीत कायमचा राहतो. कीमोआधीच्या रक्त तपासणीत तो दिसत नाही. तो डॉक्टरांना कळतो मुख्यतः रुग्णाच्या तोंडून. त्याची तीव्रता ठरवताना डॉक्टर पाहतात की रोजची कामं अडतात का, स्वतःचे कपडे घालणं, खाणं, अंघोळ जमते का. म्हणून ‘मुंग्या येतात’ आणि ‘बटण लावता येत नाही’ यांत डॉक्टरांच्या दृष्टीनं फार मोठा फरक आहे. पहिल्या वाक्यावर पुढचा डोस जसाच्या तसा दिला जाऊ शकतो, दुसऱ्यावर डॉक्टर थांबून विचार करतील.

आणि औषध कमी म्हणजे आजार परत, असं सरसकट समीकरणही नाही. तिसऱ्या टप्प्यातल्या, म्हणजे जवळच्या लसिका गाठींपर्यंत पोचलेल्या, आतड्याच्या कॅन्सरवरच्या सहा चाचण्यांचा एकत्रित अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बारा हजारांहून जास्त रुग्ण होते. आजार उलटण्याचा धोका कमी असलेल्या गटात याच दोन औषधांचा तीन महिन्यांचा उपचार सहा महिन्यांच्या तोडीचा ठरला, आणि नसांचा त्रास बराच कमी झाला. आपण त्या गटात बसतो का, हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचाच असतो. तो उद्धटपणा नाही.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमधला आणखी एक अभ्यास मी आवर्जून सांगते. पसरलेल्या कॅन्सरसाठी कीमो घेणाऱ्या ७६६ रुग्णांपैकी काहींनी आपला त्रास नियमितपणे संगणकावर नोंदवला; तो वाढला की सिस्टरांना सूचना जायची. २०१७ मध्ये निकाल आले. नोंदवणाऱ्या गटाचा मध्यक जीवनकाळ, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, ३१.२ महिने होता, नेहमीच्या पद्धतीनं उपचार घेणाऱ्यांचा २६. हे ऐकून ते गृहस्थ पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसले.

मग आम्ही सराव केला. मी डॉक्टर झाले. त्यांचं पहिलं वाक्य होतं, “थोडा त्रास आहे, पण विशेष नाही.” कागदावर लिहून घेतलेल्या त्या वाक्यातले ‘थोडा’ आणि ‘विशेष नाही’ त्यांनीच खोडले. शेवटी कागदावर उरलं ते असं: “डॉक्टर, आजची सलाईन लावण्याआधी एक सांगायचंय. मागच्या दोन डोसांपासून बोटं बधिर आहेत. बटणं लावता येत नाहीत, पायातली चप्पल निघाली तरी कळत नाही. पुढचा डोस घ्यावा का?” हे खुर्चीत बसताक्षणी बोलायचं, उठून दाराशी गेल्यावर नाही. विसरलं तर पत्नी कागद पुढे करतील.

डॉक्टरांनी त्यांना समोर बटण लावायला सांगितलं, चालून दाखवायला सांगितलं. ऑक्झालिप्लॅटिन थांबवलं, गोळ्या चालू ठेवल्या आणि तसं का, ते समजावलं. रागावले का? हो, एवढंच म्हणाले, “आधी का नाही सांगितलंत?”

सगळीकडे इतकं सरळ होत नाही, हे मला माहीत आहे. गर्दी असते, कोणी घाईत उत्तर देतं, कोणी ‘कीमोत असं होतंच’ म्हणून वाटेला लावतं. अशा वेळी आवाज न चढवता पुन्हा विचारावं, “होतं हे समजलं, पण यावर काय करायचं?” आणि तक्रार फाईलमध्ये नोंदवायला सांगावी. तरीही ऐकलं गेलं नाही तर दुसऱ्या कॅन्सरतज्ज्ञाचं मत घेणं हा तुमचा हक्क आहे.

दोन गोष्टींत मात्र भिडस्तपणा अजिबात नको. सलाईन चालू असताना सुईच्या जागी जळजळ झाली किंवा सूज आली, तर सिस्टर कितीही कामात असोत, तत्क्षणी हाक मारा. काही औषधं शिरेबाहेर झिरपली तर आतल्या भागाला गंभीर इजा करतात. आणि कीमोच्या काळात ताप १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा जास्त झाला, तर रात्री कितीही वाजले असोत, हॉस्पिटलला फोन करा. पांढऱ्या पेशी कमी असताना साधा संसर्गही काही तासांत जिवावर बेतू शकतो. फोन कोणीही उचलो, नाव-गाव नंतर, पहिलं वाक्य हेच असू द्या: “कीमो चालू आहे आणि ताप आलाय.”