सेलोटेप लावू नका ताई

प्रश्न: माझा धाकटा भाऊ 2020 च्या लॉकडाऊनमध्ये नऊ महिने जेलमध्ये कच्चा कैदी होता, आता जामिनावर घरी आहे, केस चालूच आहे. मुलाकात बंद होती तेव्हा तो पत्रं पाठवायचा, मागच्या बाजूला पेन्सिलने कविता नि बराकीची चित्रं. एकात लिहिलंय, "दोन गज दूर राहा म्हणतात, शेजाऱ्याचं कोपर माझ्या पोटात". बाबा म्हणतात जाळून टाक, लोकं काय म्हणतील. मला वाटतं छापावं. घड्या फाटल्यात म्हणून सेलोटेप लावतेय. काय करू?
– एक बहीण, इंदूर

उत्तर: ताई, आधी तो सेलोटेप ठेवा बाजूला, त्याचा गोंद पिवळा पडतो आणि कागद खराब करतो. पेन्सिल बोटाने पुसली जाते, म्हणून दिवसाच्या उजेडात प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, जेलचा शिक्का असेल तर तोही येऊ द्या. जेलमधलं पत्र आधी तिथले साहेब वाचतात मग बाहेर येतं, हे माहीत असून तुमच्या भावाने ती कोपराची ओळ लिहिली, मला हे फार मोठं वाटतं.

आणि ती ओळ खरीच आहे हो. 31 डिसेंबर 2020 ला देशातल्या तुरुंगांत जागा 4,14,033 जणांची आणि माणसं 4,88,511, त्यात शंभरातले 76 कच्चे कैदी, हा सरकारचाच आकडा. सुप्रीम कोर्टाने 23 मार्चला समित्या नेमून लोकांना पॅरोल-जामिनावर सोडायचा विचार करा सांगितलं होतं, त्यानंतरची ही गर्दी!

बाबांना फादर स्टॅन स्वामींचं सांगा, झारखंडात आदिवासींसाठी काम करणारे पाद्री, भीमा-कोरेगाव केसमध्ये अटक झालेले. ऐंशीच्या वरचं वय, पार्किन्सनने हात थरथरायचे, पाणी प्यायला सिपर आणि स्ट्रॉ कोर्टात मागावा लागला, तरी तळोजा जेलमधून लिहिलं ते बरोबरच्या गरीब कैद्यांबद्दल, ज्यांना आपल्यावर आरोप काय तेही माहीत नाही, आणि पिंजऱ्यातला पक्षीही गाऊ शकतो असं लिहिलं. जामीन मिळालाच नाही, 5 जुलै 2021 ला हॉस्पिटलमध्ये कैदी म्हणूनच वारले. त्या पत्रांची कोणाला लाज वाटली? उलट लोकांनी जपली.

आपल्या इंदूरच्या सेंट्रल जेलमध्येही मे 2021 मध्ये कैद्यांसाठी जेलवाणी रेडिओ सुरू झाला, चांगलंच झालं, पण रेडिओ जेलचा असतो, हे कागद तुमच्या भावाचे स्वतःचे आहेत.

म्हणूनच छापायचं की नाही हे तुम्ही नाही ठरवायचं, बाबांनीही नाही, त्यालाच विचारा, आणि नाही म्हणाला तर परत परत विचारू नका. हो म्हणाला तर आधी वकिलांना सगळं दाखवा, केस चालू असताना एखादी ओळ कशी वाचली जाईल सांगता येत नाही. शुद्धलेखन अजिबात सुधारू नका. बराकीतल्या दुसऱ्या पोरांची नावं मात्र काढा, त्यातल्या कितीतरी जणांच्या गावात अजून माहीतही नसेल, आणि ज्या चित्रांत चेहरे ओळखू येतात ती सध्या घरातच राहू द्या.