आमिष तेच राहू द्या, वेळ आणि जागा बदला

तुम्ही लिहिलंय की डोंगरातल्या त्या तलावावरचा बर्फ सुटून आठ-दहा दिवस झाले होते, तुम्ही उजाडायच्या आत काठावर पोहोचलात, साडेनऊपर्यंत ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी १२ ग्रॅमचा स्पून (चमच्यासारखं धातूचं आमिष) जमेल तेवढा लांब फेकत राहिलात आणि एकदाही ओढ लागली नाही. आता विचारताय, पुढच्या खेपेला कुठलं आमिष न्यावं?

स्पून बदलायची घाई करू नका. तो थोडा हलका हवा, ते पुढे सांगतो. पण त्या सकाळी तुमच्याकडे जगातलं सगळ्यात भारी आमिष असतं तरी फारसा फरक पडला नसता, कारण तुम्ही तलावाच्या सर्वात थंड भागात, दिवसाच्या सर्वात थंड वेळी गरी टाकत होतात. उन्हाळ्यात ट्राउटसाठी पहाट उत्तम, हे खरंच आहे. वसंताच्या सुरुवातीला तोच नियम उलटा होतो.

यामागे पाण्याची एक गंमत आहे, ती नीट कळली की निम्मं काम होतं. पाणी सगळ्यात जड असतं ते ४ अंश सेल्सिअसला. त्याहून थंड झालं की ते पुन्हा हलकं होतं. म्हणून हिवाळ्यात बर्फाला लागून ० अंशाच्या आसपासचं पाणी आणि तळाशी ४ अंशाचं, अशी उलटी उतरंड असते. बर्फ सुटला की वरचं पाणी उन्हाने तापत ४ वर येतं, वरखाली सगळं सारख्याच वजनाचं होतं आणि वारा अख्खा तलाव ढवळून काढतो. प्राणवायू तळापर्यंत पोहोचतो. म्हणजे या काळात मासा कुठल्याही खोलीवर राहू शकतो. उन्हाळ्यासारखा तो एका थराला बांधलेला नसतो.

मग तो जातो कुठे? जिथे एक-दोन अंश जास्त ऊब आहे आणि खायला काही हलतंय, तिथे. ट्राउटचं अंग पाण्याइतकंच गार असतं. ४ अंशाला त्याचं पचन इतकं मंद चालतं की एकदा पोट भरलं की बराच वेळ भागतं, आणि आमिषामागे पाच मीटर धावणं त्याला परवडत नाही. ७-८ अंशाला तोच मासा वेगळा वागतो. रेनबो ही ट्राउटची जात खऱ्या अर्थाने खुलते ती १२ ते १६ अंशांच्या दरम्यान, पण तेवढी ऊब यायला अजून अवकाश आहे. सध्या आपला सगळा खेळ ४ आणि ८ यांच्या मधला.

म्हणून माझ्या पिशवीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे दोरी बांधलेला साधा थर्मामीटर. एक दिवस डोळ्यांसमोर आहे. मुख्य काठावर, जिथे खडक सरळ खोल उतरतो, तिथे पाणी ५ अंश. तिथून दोनेकशे पावलांवर एक उथळ खाडीसारखा कोपरा होता, तळाला काळा गाळ, मागच्या वर्षीचं कुजकं गवत, पाणी जेमतेम गुडघाभर. थर्मामीटर मिनिटभर बुडवून ठेवला आणि काढला, तर साडेआठ. मी तिथेच गुडघे टेकून बसलो आणि हललो नाही. दोन-तीन मिनिटांत गाळावरून एक सावली सरकली. आधी सावली दिसली, मग तिच्या वर मासा. पाठ गाळाच्याच रंगाची, फक्त पंखांच्या कडेला पांढरी रेघ. ब्रुक ट्राउट होता, ट्राउटचीच आणखी एक जात. दर दोन-तीन हातांवर तो थांबायचा, तोंड जरासं उघडायचं, आतली पांढरी फट दिसायची आणि मिटायची. तळातून वर येणारं काहीतरी तो अगदी सावकाश टिपत होता. काठापासून दीड मीटरवर! मी उभा राहून चाळीस मीटर लांब फेकलं असतं, तर गरी त्याच्या डोक्यावरून गेली असती आणि पहिल्या पावलालाच तो पळाला असता.

तर पहिलं काम काठ वाचायचं. काळा तळ ऊन शोषतो, पांढरी वाळू किंवा फिकट खडक ते परत फेकतो. उत्तर गोलार्धात तलावाचा उत्तर काठ दक्षिणेकडे तोंड करून असतो, त्याला खाली झुकलेलं ऊन दिवसभर मिळतं. तिथला बर्फही बहुतेक वेळा आधी सुटतो. वारा हलका असेल तर तो वरचं तापलेलं पातळ पाणी आणि त्यावरचे किडे ज्या काठाकडे ढकलतो, त्या काठाला जा, वारा तोंडावर घ्यावा लागला तरी. मात्र वारा तलावात उरलेल्या बर्फाच्या लाद्यांवरून येत असेल किंवा जोराचा असेल तर उलट करा, आडोशाचा कोपरा शोधा. मोठ्या, खोल तलावांत आणखी एक गोष्ट घडते. काठचं पाणी ४ च्या वर गेलेलं असतं, मधलं अजून ४ च्या खाली. दोन्ही जिथे मिसळतात तिथे बरोबर ४ अंशाचं, म्हणजे सगळ्यात जड पाणी तयार होतं आणि ते खाली बुडत राहतं. बुडणाऱ्या पाण्याची ही भिंत काठची ऊब आत जाऊ देत नाही. फोरेल या स्विस शास्त्रज्ञाने १९व्या शतकातच जिनिव्हा सरोवरावर हे टिपून ठेवलं होतं. आपल्यासाठी अर्थ इतकाच, की मोठ्या तलावावर तर काठ सोडून आत फेकण्यात या दिवसांत काहीच हशील नाही.

ओढ्याच्या मुखाबद्दल तुम्ही विचारलंय. 'मुखाशी मासा असतोच' हे वाक्य सगळेच सांगतात आणि या हंगामात ते अर्धंच खरं आहे. हिम वितळून येणारा ओढा ० ते २ अंशांचं पाणी आणतो. दुपारी ऊन चढलं की हिम जास्त वितळतं, म्हणजे बाकीचा तलाव तापत असतो नेमका त्याच वेळी ओढा जास्त थंड पाणी, कधी कधी गढूळही, आत ओततो. हे पाणी ४ अंशांच्या पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे वरच पसरतं आणि मुखासमोरचा अख्खा उथळ भाग गारठवून टाकतं. म्हणून आधी मोजा. ओढा तलावापेक्षा थंड असेल तर पुढे चला. याउलट जमिनीतून झरा फुटत असेल तर तिथे ठाण मांडा. झऱ्याचं तापमान वर्षभर फारसं बदलत नाही, त्यामुळे या दिवसांत तो तलावापेक्षा उबदार असतो.

वेळ सांगायची तर अकराच्या आधी गरी बांधायची घाई नको. बारा ते चार ही माझी वेळ. तीन-चार दिवस सलग कडक ऊन पडलं आणि रात्रीही गोठल्या नाहीत, तर त्याच्या शेवटच्या दुपारी घरी बसू नका. रात्री पुन्हा कडाक्याची थंडी पडली असेल तर दुसऱ्या दिवशी उथळ कोपरे आधी गारठतात. ते जितक्या लवकर तापतात तितक्याच लवकर निवतात. मग मासा उथळाच्या कडेला, जिथे तळ दोन-तीन मीटरपर्यंत उतरतो, तिथे सरकलेला सापडतो.

आता हातातलं काम. या दिवसांत ट्राउटच्या पोटात मुख्यतः काय असतं? चिलटांसारख्या दिसणाऱ्या, न चावणाऱ्या माश्यांच्या अळ्या आणि कोष. अळ्या तळातल्या गाळात राहतात, बऱ्याचशा लालभडक असतात, कारण कमी प्राणवायूत तगण्यासाठी त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं. त्यांचे कोष जिऱ्याच्या दाण्याएवढे, आणि पृष्ठभागाकडे येतात ते इतक्या सावकाश की आले असं वाटतच नाही. ज्या माशाचं जेवण हे आहे त्याच्यासमोरून १२ ग्रॅमचा स्पून सणसणत नेला तर तो काय करणार?

मी सर्वात जास्त भरवसा फ्लोटवर ठेवतो. छोटा, हलका फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारी गोळी. त्याखाली फ्लुरोकार्बनच्या ०.१६ ते ०.१८ मिलिमीटर जाडीच्या तंगुसाचा तुकडा, टोकाला १४ नंबरच्या गरीवर बांधलेला लाल किंवा काळा नकली कोष, नाहीतर ग्रॅमभर वजनाची इवलीशी जिग (डोक्याला वजन असलेली गरी). आधी गरीला वजन अडकवून तळ मोजा आणि फ्लोट असा सरकवा की आमिष तळापासून वीतभर-दीडवीत वर राहील. ही खोली चुकली तर बाकी सगळं वाया जातं, त्यामुळे जागा बदलली की पुन्हा मोजायचं, कंटाळा करायचा नाही. मग टाकायचं आणि हात लावायचा नाही. लाटा फ्लोटला जेवढं हलवतील तेवढं पुरे.

थंड पाण्यातला चावा ओळखणं हीच खरी कसरत. फ्लोट गडप होण्याची वाट बघाल तर दहातले आठ चावे सुटतील. फ्लोट जरासा कलतो. किंवा बोटभर वर उचलला जातो, कारण माशाने आमिष उचलून वजन हलकं केलेलं असतं. किंवा सगळं पाणी डावीकडे सरकतंय आणि फ्लोट मात्र जागीच थबकलाय. यातलं काहीही दिसलं की मनगटातून काठी हळूच उचला. झटका नको, एवढ्या बारीक तंगुसाला तो सोसत नाही.

स्पूनच टाकायचा असेल तर ३ ते ५ ग्रॅमचा घ्या, काठाला समांतर फेका आणि बुडू द्या. मनात आकडे मोजा. बाराला तळ लागला तर पुढच्या वेळी दहाला गुंडाळायला सुरुवात करा. रीळ इतकं सावकाश फिरवा की स्पून नुसता डुलेल, गरगर फिरणार नाही. तीन-चार फेऱ्यांनंतर थांबा, पुन्हा बुडू द्या. बहुतेक चावे या बुडण्यातच येतात. मला नेहमी वाटतं की मी पुरेसा सावकाश ओढतोय, आणि मासा मिळतो तो त्याहून निम्म्या वेगाला. फ्लायवाल्यांनी, म्हणजे पिसांचं नकली किड्यासारखं आमिष वापरणाऱ्यांनी, जळूसारखी दिसणारी काळी किंवा ऑलिव्ह रंगाची 'वूली बगर' फ्लाय घेऊन हेच करावं. विणलेला धागा या दिवसांत रिळावर नको, तो पाणी धरतो आणि काठीच्या कड्यांत गोठतो. साधा तंगूस बरा. कड्यांत बर्फ साचलाच तर काठीचं टोक पाण्यात बुडवा, ओढून तोडू नका.

काही दिवस मात्र काहीही करा, मासा लागत नाही. तलाव जोरात ढवळला जात असतो तेव्हा तळाचा गाळ वर येतो, पाणी तपकिरी दिसतं, काही तलावांत सडक्या अंड्यासारखा वासही येतो. असं दिसलं तर आठवडाभराने या.

ब्राउन ट्राउट असेल तर छोट्या माशांच्या मागे तो संध्याकाळी काठाला येतो, त्याच्यासाठी थोडा मोठा स्पून चालेल. लेक ट्राउट उन्हाळ्यात खोल जातो, पण सध्या सगळंच पाणी गार असल्याने तोही उथळात भेटेल.

तुम्ही लिहिलंय की कडेला उरलेल्या बर्फावर दोन पावलं टाकून फेकत होतात. हे कृपा करून पुन्हा करू नका. वसंतातला बर्फ जाडीवरून ओळखता येत नाही. तो उभ्या काड्यांसारखा सुटा होत जातो, हातभर जाड दिसणारा तुकडाही पायाखाली विरघळल्यासारखा मोडतो. या पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिट श्वास आवरत नाही, माणूस पाणी गिळतो तो तेव्हाच. पुढे साधारण दहा मिनिटं हात काम देतात, त्यानंतर पट्टीचा पोहणाराही स्वतःला बाहेर ओढू शकत नाही. नावेत असाल तर लाइफ जॅकेट अंगात, बाकाखाली नाही. वेडर (पाण्यात उतरायची छातीपर्यंतची जलरोधक विजार) घालून उतरलात तर कमरेचा पट्टा आवळलेला, आणि मांडीच्या वर पाणी नको. तशीही खोल उतरायची गरज नाही, मासा तुमच्या पायाशी आहे.

आणखी एक. रेनबो आणि कटथ्रोट या जातींचे ट्राउट वसंतातच अंडी घालतात. ओढ्याच्या तोंडाशी स्वच्छ खडीवर जोडीने घुटमळणारे, गडद रंगाचे मासे दिसले तर त्यांच्यावर गरी टाकू नका, आणि त्या खडीवरून चालूही नका, अंडी तिच्या आतच असतात. बऱ्याच ठिकाणी हा भाग या काळात कायद्यानेच बंद असतो, जाण्याआधी तिथले नियम बघून घ्या. सोडायचा मासा ओल्या हाताने, पाण्यातच धरून सोडा. गरीचा उलटा काटा पक्कडीने दाबून ठेवला की ती पाण्यातच सुटते. हवा गोठणबिंदूच्या खाली असेल तर फोटोसाठीही वर उचलू नका, कल्ल्यांच्या नाजूक झालरी लगेच गोठतात.

पुढच्या खेपेला दहाला पोहोचा, पहिला अर्धा तास काठी उघडू नका, थर्मामीटर घेऊन नुसता काठ फिरा. कुठे किती अंश मिळाले आणि तिथला तळ कसा होता ते कळवा, मग फ्लोट किती खोल लावायचा ते बघू.