गिटार एकटीच शिकतेय, सायन्स सोडू का?

प्रश्न: मी मिरजेत अकरावी सायन्सला आहे. मामेभाऊ नोकरीसाठी हैदराबादला गेला, तेव्हा त्याची अकूस्टिक गिटार मला देऊन गेला. वर्षभर व्हिडिओ बघून एकटीच शिकतेय. पाच-सहा कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) येतात, पण एफ हा कॉर्ड काही केल्या वाजत नाही. गल्लीच्या गणपतीत भजनाला साथीला बसले, तर पेटीशी सूरच जुळेना. उठून आले. सरांशिवाय गिटार येते का? यातच करिअर करायचं म्हणून सायन्स सोडलं तर चालेल का? बाबा म्हणतात, छंद म्हणून ठीक आहे.

उत्तर:

तू उठून आलीस याचं वाईट वाटलं, कारण दोष तुझ्या कानाचा नसावा. भजनाची पेटी पुष्कळदा काळी एक किंवा काळी चारमध्ये असते, म्हणजे त्या क्रमांकाची काळी पट्टी सा धरून वाजते, आणि सुरुवातीला शिकवतात ते सी, जी, डी हे कॉर्ड पांढऱ्या पट्ट्यांचे. कॅपो हा चिमटा पहिल्या फ्रेटला, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या पहिल्या घराला लाव. मग सीचा आकार धरलास की काळी एक, जीचा धरलास की काळी चार. जुनी पेटी मोबाइलच्या ट्यूनरशी तंतोतंत जुळेलच असं नाही. साथीला बसताना ट्यूनर बाजूला ठेव आणि कॅपो लावण्याआधी पेटीवरूनच तारा लाव. जाड तारेकडून बारीक तारेकडे पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा तीन. परदेशी व्हिडिओत हे सांगायचं कुणाला सुचणार नाही, तिथे शेजारी पेटी नसते.

एफचंही एकदा तपासून बघ. जाड तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धर आणि पहिल्या फ्रेटच्या धातूच्या पट्टीवर वाकून बघ. तार आणि पट्टी यांच्यात केसाएवढी फट हवी. त्याहून बरीच जास्त दिसली, तर वरच्या टोकाच्या नटच्या (तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा उथळ आहेत आणि तुझं बोट उगाच झुंजतंय. बाकीच्या तारांचंही असंच बघ. तू राहतेस त्या गावात सतार-तंबोऱ्याची कारागिरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. सतारमेकर गल्लीत गिटार घेऊन जा आणि विचार. घोडी आणि जवारीचं (घोडीचा माथा घासून तारेचा नाद जमवण्याचं) काम करणाऱ्या माणसाला तार किती उंच असावी हे नव्याने शिकवावं लागत नाही. स्वतः कानस घेऊन नटला हात लावू नकोस, खाच जास्त खोल गेली की तार खरखरते.

आता सरांचा प्रश्न. आंद्रेस सेगोव्हिया हे शास्त्रीय गिटारमधलं फार मोठं नाव, आणि ते बहुतांशी स्वतःच शिकले. रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सही तसाच. पण हेंड्रिक्स जगाला माहीत होण्याआधी लिटल रिचर्ड, आयस्ली ब्रदर्स या गायकांमागे साथीला वाजवत होता, हे लोक विसरतात. खोलीत बसून बोटं तयार होतात. लय मात्र दुसऱ्याबरोबर वाजवल्याशिवाय पक्की होत नाही, कारण एकटं वाजवताना अवघड जागी आपण नकळत थांबतो आणि ते आपल्याला ऐकूही येत नाही. म्हणून भजनाला परत जा. पहिले काही दिवस दोनच कॉर्ड वाजव, पण ठेका सोडू नकोस.

घरच्या रियाझाला सायन्सच्या अभ्यासात रोज अर्धा-पाऊण तास पुरे, पण रोज. सुरुवातीला डाव्या हाताने सगळ्या तारा हलक्या झाकून नुसता उजव्या हाताचा ठेका, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला साठ ठोक्यांवर. मग अडणारी एकच जोडी, समज सी आणि एफ, एक मिनिटभर आलटून पालटून. एका मिनिटात किती वेळा स्वच्छ बदलले ते वहीत लिही. शेवटी एक गाणं फोनवर रेकॉर्ड कर आणि दुसऱ्या दिवशी ऐक, त्याच दिवशी नको. बोटांची टोकं सुरुवातीला दुखतात, त्याला इलाज नाही. मनगट किंवा कोपराखालचा हात दुखला तर मात्र लगेच थांब. बसण्यात किंवा अंगठ्याच्या पकडीत चूक आहे, आणि ती तुझी तुला दिसणार नाही. त्यासाठी महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तरी जाणत्या गिटारवाल्यासमोर बस, सांगली-कोल्हापुरात जाऊन किंवा ऑनलाइन. नेहमीची शिकवणी परवडत नसेल तर एवढ्यानेही काम होतं.

करिअरचं म्हणशील, तर सायन्स आत्ता सोडू नकोस. बाबांच्या बाजूने बोलतोय असं समजू नकोस. संगीताच्या प्रवेशात मुख्यतः तुझं वाजवणं ऐकतात, आणि ते अजून तेवढं तयार नाही. बारावी होईपर्यंत ते तयार करायला वेळ आहे, आणि बारावी पास असलीस की पदवीचे दरवाजे उघडे राहतात.

या काळात स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेले सूर, वाचायला शिक. टॅबवर (तार आणि फ्रेटचे आकडे लिहिण्याच्या सोप्या पद्धतीवर) अडकू नकोस. मुंबईच्या फिल्म स्टुडिओंत एके काळी गोव्याच्या वादकांचा एवढा दबदबा होता, कारण चर्चच्या शाळांत ते लहानपणीच नोटेशन वाचायला शिकलेले असत. समोर कागद ठेवला की वाजवायला तयार. आजही ज्याला वाचता येतं आणि ठेका पक्का आहे, त्याला पुन्हा बोलावतात. ट्रिनिटी कॉलेज लंडन आणि रॉकस्कूल यांच्या आठ ग्रेडच्या परीक्षा भारतातून देता येतात, व्हिडिओ पाठवूनही. परीक्षा दिली नाहीस तरी त्यांचा अभ्यासक्रम समोर ठेव, म्हणजे व्हिडिओंमागे भरकटणार नाहीस. पुढे पणजीची कला अकादमी आणि चेन्नईचं के. एम. म्युझिक कन्झर्व्हेटरी या दोन्ही संगीत शिकवणाऱ्या संस्थांची माहिती काढ.

पैशाचं सरळ सांगतो. नुसतं स्टेजवर वाजवून घर चालवणारे थोडे. बहुतेक जण शिकवण्या, कार्यक्रम, रेकॉर्डिंग, शाळेतली नोकरी असं मिळून चालवतात आणि सगळे महिने सारखे नसतात. बाबांना भीती आहे ती याचीच. हे पत्र त्यांना दाखव आणि बारावीनंतर तीन गोष्टींवर बोलायचं ठरव: न पाहिलेल्या सोप्या ओळी वाचून वाजवता येतात का, ऐकलेलं गाणं कानाने बसवता येतं का, आणि चार जणांत बसून ठेका टिकतो का. तिन्ही जमलं तर संगीताच्या प्रवेशासाठी मी स्वतः बाबांशी बोलेन. एखादं राहिलं तर दुसऱ्या विषयाची पदवी घेत ते पुरं करता येईल, गिटार त्यासाठी सोडावी लागत नाही.